थेंब थांबला तर ताट परत

वैनी, आधीच सांगून ठेवतो, हे मी रडत लिहीत नाही. डोळ्यांतून पाणी येत असेल तर ते राखेमुळे. काल तुझी तेरवी झाली आणि आज माझ्या दहाही बोटांना अशा भेगा पडल्या आहेत की त्यांतून एखादी म्हैस आरामात पलीकडे जाईल. पेन धरवत नाही. तरी लिहितो आहे, कारण तू गेलीस म्हणून आपलं भांडण मिटलं असं तुला वाटत असेल, तर तो तुझा गैरसमज आहे.

गेलेल्या माणसावर लिहिताना लोक जन्मगाव, लग्नाचं साल आणि स्वभाव लिहितात. पहिल्या दोन गोष्टी मला पाठ नाहीत. आणि तू मायाळू होतीस असं लिहायला माझा हात धजत नाही. काल मंडपात तिघं जण म्हणाले, "लय मायाळू बाई होती." मी तिघांकडे नीट पाहून घेतलं. तिघांचीही ताटं तू कधी ना कधी परत पाठवली होतीस.

हे आळीबाहेरच्या कोणाच्या हाती पडलं तर त्याला कळायला हवं, म्हणून सांगतो. आदिलाबादला लागून मावला, आणि मावल्यात आपली ही भाजीवाल्यांची आळी. कोणाची वाडी, कोणाचा ठेला, कोणाची नुसतीच जीभ, म्हणजे माझी. आळीनं मिळून कधीकाळी भांडी घेतली. दीडशे ताटं, तेवढ्याच वाट्या, गिलास, चार मोठे गंज म्हणजे उभी पातेली, दोन कढया. ती तुझ्या ओसरीवरच्या खोलीत. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, घासून आणायची, आणि तू ओट्यावर बसून तपासायची. तेही सकाळच्या उन्हात. संध्याकाळी कोणी आणली तर तू दारातूनच सांगायचीस, "सकाळी आना. दिव्याच्या उजेडात सगळेच भांडे साफ दिसते."

आणि तुझी ती तपासणी. ताट उभं धरायचं आणि वरून गिलासभर पाणी सोडायचं. पाणी एकसंध पडद्यासारखं सरळ खाली आलं तर ताट आत. मध्येच कुठे फाटलं, एखादा थेंब टपोरा होऊन जागच्या जागी थांबला, तर तिथे तेल आहे. मग तू बोलायची नाहीस. नुसतं ताट पुढे करायचीस. त्यानंतर ताटाच्या कडेला खालून जी वळी असते, त्या वळीतून नख फिरवायचीस, कारण माणसं ताटाचा पोटभाग घासतात आणि कणीक त्या वळीत बसून राहते. सगळ्यात शेवटी गंजात तोंड घालून वास. आळीतल्या नव्या सुना सासूला नाही भ्यायच्या तेवढ्या तुझ्या नाकाला भ्यायच्या.

एका लग्नाची ताटं तू इतक्यांदा परत पाठवलीस की ती मंजूर होईपर्यंत त्या जोडप्याचं पोर बालवाडीत जायला लागलं होतं. आणि तू स्वतः घासलेली ताटं उन्हात लावली की तलावावर उतरायचे बगळे आपल्या ओट्यावर उतरायचे आणि मासा नाही म्हणून आपल्याकडे रागानं बघायचे. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. बगळ्यांना विचारा म्हणावं.

आपलं भांडण दोन गोष्टींवरून. पहिली, साबण. मी बाजारातून हिरव्या साबणाची बाटली आणली होती, आठवते? तू ती उन्हात धरून पाहिलीस, झाकण काढून वास घेतलास आणि परत माझ्या हातात दिलीस.

"भाऊजी, हे तुमी आंगाले लावा. निंबाचा वास येऊन राह्यला."

"अवं वैनी, सगळं जग यानंच घासते."

"जगाच्या घरी बोरचं पानी नसन."

माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असूनही तू मला अहोजाहो करायचीस आणि मी तुला अगंतुगं. मला नेहमी वाटायचं, सांडशीनं तापलेला गंज धरावा तसा तू तो मान धरतेस. भाजायला नको आणि सोडायलाही नको.

दुसरं भांडण भिजवण्यावरून. मी म्हणायचो, गरम पाण्यात ताटं घटकाभर भिजत ठेवावी, निम्मं काम पाणी करतं. तू म्हणायचीस, भिजवणं म्हणजे आळशी माणसाचं घासणं. जेवण झालं की लगेच घासायचं. भिजवलं की एका ताटाचं तेल दहा ताटांना लागतं, ज्यात नुसती बुंदी खाल्ली त्यालाही. या एका मुद्द्यावर आपण किती वर्षं भांडलो कुणास ठाऊक. दादा, म्हणजे तुझा नवरा आणि माझा मोठा भाऊ, पेपर घेऊन उठून जायचा. मी भांडत राहायचो, तू घासत राहायचीस. आज हे लिहिताना लक्षात येतं, वैनी, की त्या सगळ्या वर्षांत माझा हात एकदाही ओला झाला नव्हता.

नाही, एकदा झाला होता. आता तेही सांगतो. आळीत कोणालाच माहीत नाही.

माझ्या पोरीचं बारसं. बायको बाळंतीण, तिला पाण्यात हात घालू द्यायचा नाही. ताटं माझ्यावर आली. मी फुशारकीनं सांगितलं, "मी घासतो, त्यात काय." दहा ताटं घासली आणि माझी कंबर म्हणाली, बबन, तू शहाणा माणूस आहेस. म्हणून मी शहाणपणा केला. दहा-दहाच्या चळती लावल्या. प्रत्येक चळतीचं वरचं आणि खालचं ताट लखलखीत, मधली आठ ओल्या फडक्यानं नुसती पुसलेली. सकाळी चारचौघांसमोर तुझ्या ओट्यावर आणून ठेवली आणि मिशीवरून हात फिरवला.

तू पहिल्या चळतीच्या मधलं ताट ओढलंस. उन्हात धरलंस. पाणी सोडलं नाहीस, सोडायची गरजच नव्हती. माझ्याकडे पाहिलंस. मागे आळीतली चार माणसं उभी होती. मला वाटलं, आता तू ते ताट पुढे करणार आणि माझी मिशी कायमची खाली येणार. तू म्हणालीस, "ठेवा आत."

मी सुटलो म्हणून दोन दिवस आळीत हत्तीसारखा फिरलो. तिसऱ्या दिवशी तू जेवायला बोलावलंस. वरण, भात, वांग्याची भाजी. भात वाढायच्या आधी मी ताट पाहिलं. कडेला बारशाच्या भाजीचा पिवळा वाळलेला पट्टा होता आणि मधोमध माझ्याच फडक्याची फिरकी.

"वैनी, हे ताट..."

"तुमी धुतलेलं हाय न, भाऊजी? मंग जेवा."

दादा शेजारी जेवत होता, त्याला काही कळलं नाही. मी हट्टानं जेवलो. वरून भात मागून घेतला. त्यानंतर तीन दिवस मी घरापासून मागच्या बाजूला इतक्या चकरा मारल्या की तिथे आपोआप पायवाट तयार झाली. पावसाळ्यात पोरं तिच्यावरून शाळेत जायची. पण मी तुझ्यापुढे कबूल केलं नाही, आणि तूही कधी विषय काढला नाहीस.

एवढंच मला माहीत होतं. बाकीचं तू गेल्यानंतर चौथ्या दिवशी कळलं.

शेजारची लक्ष्मम्मा आपल्याकडे चहा घेऊन आली होती. तुझी मैत्रीण, तेलुगू बाई, चाळीस वर्षं आपल्यात राहून तिची मराठी तिची तिनंच बनवलेली. आपल्याला ती समजते आणि बाहेरच्या कोणालाही समजत नाही. मला ती तम्मी म्हणते, त्यांच्यात धाकट्या भावाला म्हणतात तसं, आणि तुला अक्का. माझ्या हातात कप देऊन ती सहज म्हणाली, "तम्मी, तुझ्या बेटीचं बारसाचा ताटं, अक्का आणि मी धुतला. दुपारपासून. मी पाणी टाकला, अक्का घासली. एकशे एकोणीस. एक अक्का तुझ्यासाठी तसाच ठेवली."

मी कप खाली ठेवला.

"मला बोलली, कोणाला सांगू नको. बोलली, त्याचा जीभ खोटा हाय, ते चालते, लोक हसतात. हात खोटा हाय म्हणून कोणी बोलू नये."

वैनी, हे बरोबर नाही. हे तू मला सांगायला हवं होतंस. तोंडावर शिवी दिली असतीस तर मी दहा शिव्या परत दिल्या असत्या आणि फिटंफाट झाली असती. तू गुपचूप घासलीस, आणि आता कोणाशी भांडू? लक्ष्मम्माशी? तिला माझ्या शिव्यांतली अर्धी मराठी कळत नाही.

नवव्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. तेरवीच्या जेवणाचं ठरवायला. दादा खांबाला टेकून, आळीतली पाच-सहा माणसं, आणि तुझा नितीन, हैदराबादहून आलेला, मोबाइल हातात.

"पत्रावळ्या मागवून राह्यलो," नितीन म्हणाला. "वाट्या, गिलास कागदाचे. जेवा आन फेका. ताटं काढाची नाई."

"काऊन?" मी विचारलं.

"काऊन म्हंजे? काका, तुमी आईचे हात पाह्यले होते का? हिवाळ्यात पोळी लाटे तं पोळीले रक्त लागे. मेण लावून देत होतो मी. आता तिच्याच तेरवीले आळीतल्या बाया ओट्यावर बसून दीडशे ताटं घासतीन, आन आपन माणसं इथं सुपारी कातरत बसू? मले नाई पाहवत."

सुपारी कातरणाऱ्यानं अडकित्ता खाली ठेवला.

"आन मी तं म्हनतो," नितीन पुढे म्हणाला, "भांडे इथं ठेवाचेच काऊन? उटनूरकडे एक आश्रमशाळा हाय, माझ्या ओळखीचे सर आहेत. देऊन टाकू. लेकरं जेवतीन. आईच्या नावानं."

वैनी, त्याच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती लेकरं जेवतील याचं मला काही वाईट वाटलं नसतं. पण मला ती रिकामी खोली दिसली. उद्या कोणाच्या घरी कार्य असेल तर माणूस फोनवरून थर्माकोल मागवेल, जेवतील, गोळा करून नाल्यावर टाकतील, आणि आळीत कोणाला कोणाच्या दारात काही घेऊन जायचं कारणच उरणार नाही. आणि दुसरं, मला राग आला. नितीनवर नाही. तुझे हात त्यानं पाहिले होते. मी समोर बसून भिजवण्यावर भाषण देत होतो आणि पाहिले नव्हते.

"बाया नाई घासनार," मी म्हणालो. "मी घासन."

हशा पिकला. पिकायलाच पाहिजे होता. एकजण म्हणाला, "बबनभाऊ, उटनूरच्या घाटात वांगं फेकून वाघ पळवला होता तसंच का?"

"तो वाघ येगळा," मी म्हणालो. "हे खरं हाय."

"दीडशे?" नितीननं विचारलं.

"दीडशे. ऊन हाय तोवर. वैनी तपासे तसं तपासा. लक्ष्मम्मा तपासन. एकबी ताट फेल गेलं तं सगळे भांडे त्याच दिवशी उटनूरले. मी सोता गाडीत भरून देतो."

दादाकडे सगळ्यांनी पाहिलं. दादाच्या शब्दाबाहेर आळीत काही होत नाही. उभ्या आयुष्यात त्याला कोणी काही परत केलेलं नाही, ना भाजी, ना शब्द. त्यानं तुझ्या भांड्यांच्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाट्या-गिलास कागदाचे आन, नितीन. ताटं राहू दे." आणि उठून गेला.

तर काल. पुऱ्या, वरण, भात, आलूवांग्याची भाजी, बुंदी. आचाऱ्याला मी आदल्या दिवशी विनवणी केली होती की तेल जरा बेतानं टाक. त्यानं हो म्हटलं आणि भाजीवर अशी तर्री आणली की त्यात शेजारच्या चिंचेचं प्रतिबिंब दिसत होतं. पहिली पंगत बाराच्या सुमारास उठली. पंच्याहत्तर ताटं माझ्या पुढ्यात. मी धोतर खोचलं, ओट्यावर बसलो, आणि कोणाचं ऐकायचं नाही म्हणून सगळ्यात आधी पिशवीतून ती साबणाची बाटली काढली. हो, तीच. अजून अर्धी होती.

लक्ष्मम्मा समोर बसली होती. "तम्मी, बोरचा पाणी हाय."

"माहीत हाय."

वीस ताटं घासली. ओली होती तोवर चमकली. वाळल्यावर प्रत्येकावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पापुद्रा. हात लावला तर बुळबुळीत. लक्ष्मम्मानं एक ताट उभं धरलं, पाणी सोडलं, आणि पाणी असं फाटलं की त्याचा नकाशा काढता आला असता. त्यात महाराष्ट्राची हद्दसुद्धा दिसली असती. आपल्या जड पाण्यात साबण विरघळत नाही, फाटतो, आणि मळ होऊन ताटालाच चिकटतो. हे तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नव्हतं. ठीक आहे. हा डाव तुझा. वीस ताटं आणि पाऊण तास गेला.

नितीन मंडपाच्या खांबाजवळ उभा राहून पाहत होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग मी राख आणली. तुझीच, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, तू फडक्यातून गाळून डब्यात भरून ठेवलेली. मैद्यासारखी मऊ. नारळाच्या शेंड्या घेतल्या. पण इथे ऐक, वैनी, कारण इथे मी तुझं ऐकलं नाही. चुलीवर मोठा गंज ठेवून पाणी उकळायला लावलं. आधी प्रत्येक ताटातलं खरकटं हातानं बादलीत निपटून काढलं, एक कण ठेवला नाही. बुंदीची ताटं वेगळी, तर्रीची वेगळी. आणि मग तर्रीची ताटं कढत पाण्यात मूठभर राख टाकून भिजत ठेवली. घटकाभर. तर्री आपण होऊन सुटली, वर लाल तवंग आला, तो तवंग पळीनं काढून फेकला आणि मगच ताट बाहेर. शेंडीचा एक हात पोटाला, एक पाठीला, एक वळीतून. एका टबात पहिलं पाणी, दुसऱ्यात दुसरं, तिसऱ्यात शेवटचं, आणि शेवटचं पाणी गढूळ दिसलं की फेकून नवीन. ताट तिरपं उन्हाकडे, एकावर एक नाही.

लक्ष्मम्मानं पाणी सोडलं. पडदा सरळ खाली आला.

भिजवणं बरोबर होतं, वैनी. खरकटं काढल्यावर, कढत पाण्यात, बरोबर होतं. तू चुकलीस. इतक्या वर्षांनी मी ते ताट हातात धरून उभा राहिलो, सांगायला तोंड उघडलं, आणि ओट्यावर तुझी जागा रिकामी. याला काय अर्थ आहे? माणूस जिंकला तर निदान समोरच्यानं तोंड वाकडं करायला तरी असावं.

दुसरी पंगत उठली. आणखी पंच्याहत्तर. माझी कंबर आता बोलत नव्हती, तिनं बोलणं टाकलं होतं. बोटांतून राखेनं आग होत होती. आळीतल्या दोन-तीन बायका आपण होऊन पदर खोचून आल्या. मी म्हणालो, "बसा तिकडे. आज तुमाले मनाई हाय." त्यांतली एक म्हणाली, "भाऊजी, पडान तुमी." मी म्हणालो, "पडलो तं ताटावर पडन, खाली नाई." माणसं दुरून पाहत होती. त्यांना वाटत होतं मी आता एखादी गोष्ट सांगून सुटका करून घेईन. गोष्ट सुचत नव्हती. तुझी शपथ, एकसुद्धा.

शंभराच्या पुढे कुठेतरी माझ्या शेजारी कोणीतरी बसलं. मान वर केली तर दादा. पांढरं धोतर, मुंडण केलेलं डोकं. त्यानं विचारलं नाही. एक ताट ओढलं, राख घेतली आणि घासायला लागला. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, आणि आळीतल्यांनी सांगावं की असं पूर्वी कधी घडलं होतं का. दादाच्या हाताला घासायची सवय नाही, तो ताटाला थोपटत होता, आजारी वासराला थोपटावं तसा. अकरा ताटं केली त्यानं. मी मोजली.

ऊन शेजारच्या स्लॅबच्या कडेला पोचलं तेव्हा लक्ष्मम्मा तपासायला उठली. एकेक ताट. उभं, पाणी, नख. आत. आत. आत. नितीन तिच्या बाजूला उभा राहून ताटं घेऊन चळत लावत होता. माणसं जवळ आली. शंभर झाली. एकशे तीस झाली. मग तिनं एक ताट धरलं, पाणी सोडलं, आणि मधोमध एक थेंब थांबला. मसुराएवढा. लक्ष्मम्मानं माझ्याकडे पाहिलं. ताट दादानं घासलेल्यांपैकी होतं. नितीन त्या क्षणी पाठमोरा होता, चळत सरळ करत होता. तिनं बोटानं तो थेंब हलकेच पुसला, आणि ताट चळतीकडे सरकवायला म्हणून हात अर्धा नेला.

तिनं माझी लाज राखायला केलं, दादाची राखायला केलं, तुझ्या भांड्यांसाठी केलं. माझ्यासाठी तेवढं सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही हे तुला माहीत आहे.

मी ते ताट तिच्या हातातून घेतलं आणि दादापुढे धरलं.

"दादा, हे परत."

नितीन वळला. दादानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठं राह्यलं?"

"मधात. आन वळीतबी हाय, खालून."

मला वाटलं आता निघून जाईल. तो म्हणाला, "तुझी वैनी मले कधी असं बोलली नाई."

"तुनं तिले कधी ताट घासून देल्लं होतं का?"

"नाई."

"मंग कशी बोलन?"

दादानं ताट घेतलं. पुन्हा खाली बसला. राख घेतली, शेंडी घेतली, आणि या वेळी थोपटलं नाही, घासलं, वळीत अंगठा घालून, दात आवळून, आणि घासता घासता त्याचे खांदे हलायला लागले. आम्ही कोणीच तिकडे पाहिलं नाही. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं, म्हणून तो ताट घेऊन अंगणात गेला आणि स्वतःच पाणी सोडलं. पाणी सरळ खाली आलं.

मी नितीनकडे वळलो. "एक फेल गेलं होतं. मी बोललो होतो तसं कर. गाडी बोलव."

बोललो ते जोरात बोललो, कारण हळू बोललो असतो तर आवाज फाटला असता. नितीननं ती चळत पाहिली. मग त्याच्या बापाचे हात, राखेनं पांढरे झालेले. मग माझे.

"फेल गेलं तं परत पाठवलं न," तो म्हणाला. "आई तेच करे. गाडी कायले बोलवू?"

त्यानंच चळती उचलून तुझ्या खोलीत नेल्या. कुलूप लावलं, किल्ली दादाकडे द्यायला गेला, दादानं माझ्याकडे बोट दाखवलं. आता ती किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला आहे. बायको म्हणते, चालताना आवाज येतो. येऊ दे.

आज सकाळी नितीन हैदराबादला निघाला. बॅग भरून झाल्यावर माझ्याकडे आला आणि खोलीचं दार उघडायला सांगितलं. आत जाऊन वरचं ताट उचललं. बराच वेळ त्यात पाहत उभा होता.

"काका, हे एक घेऊन जातो. आईची आठवन म्हनून."

मला द्यावंसं वाटलं, वैनी. तुझा मुलगा, तुझं ताट, कोण नाही म्हणेल? पण मी नाही म्हणालो.

"हे तुझ्या आईचं नाई. आळीचं हाय. दीडशे हायेत, दीडशेच राह्यतीन."

"काका, एक ताट."

"जेवाचं असन तं ये. याच्यातच वाढतो. पन जेवलं की घासाचं, आन घासलं की मी पाहीन."

त्याला राग आला. खरा राग, तुझ्यासारखा, नाकपुड्या फुगवून. ताट जागेवर ठेवलं, बॅग उचलली आणि दारापर्यंत गेला. तिथून मागे न पाहता म्हणाला, "पाडव्याले येतो. चार मित्र आनतो."

"आन," मी म्हणालो. "पाच ताटं काढून ठेवतो."

भाजीचं मी ठरवलं आहे. आलूवांगं. आणि आचारी तोच.